गाठीवरची काळी पट्टी

परवा टपालानं अमरावतीच्या कॉलेजची स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर इमारतीचा फोटो. मी त्या कॉलेजात कधी नोकरीला नव्हते, पण दीडेक वर्षाचे रविवार तिथे घालवले होते, म्हणून कुणीतरी आठवणीनं पाठवली असावी. पदार्थविज्ञान विभागावरच्या लेखात लिहिलं होतं की साठच्या दशकाच्या सुरुवातीला विभागानं लाटांवर हलत्या चित्रांची एक फिल्म घरच्या घरी तयार केली आणि ती सगळी विभागप्रमुख गोगटे सरांची कल्पकता. इंगोले हे नाव सबंध स्मरणिकेत कुठेच नाही. मी दोनदा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं, आणि ती रद्दीत टाकली. तरी संताप उतरेना, म्हणून लिहायला बसले.

नारायण इंगोले त्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्राध्यापकांच्या खाली आणि शिपायाच्या वर. प्रयोगशाळा सांभाळायची, पोरांकडून प्रयोग करून घ्यायचे, आणि प्राध्यापक रजेवर असले की त्यांचे तास घ्यायचे. घर मोर्शीकडच्या एका खेड्यात, काळ्या मातीतलं, शेतीचं. त्या घरातून एम. एस्सी.पर्यंत पोचलेले ते पहिलेच. सहा फूट उंची, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि पायात कायम वहाणा. गोगटे सर पुण्याचे. त्यांना इंगोल्यांच्या वहाणाही खुपायच्या आणि भाषाही. "इंगोले, वर्गात तरी 'मला' म्हणा," असं ते चारचौघांत सांगायचे. इंगोले ऐकून घ्यायचे आणि लगेच पुढच्या वाक्यात "मले" म्हणायचे.

ते तापट होते. हे आधीच सांगते, नाहीतर कुणाला वाटेल मी एखाद्या संताची गोष्ट सांगतेय. त्यांचा राग रोजचा होता आणि त्याला कारण जवळजवळ नेहमी एकच असायचं. एखादी गोष्ट न समजता कुणी समजल्यासारखी मान हलवली, की त्यांच्या कपाळाची शीर उभी राहायची.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. वडील वकील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ड्रॉइंगची परीक्षा देऊन अमरावतीला मुलींच्या शाळेत लागले आणि मावशीकडे राहायला आले. एका दुपारी शाळेच्या ऑफिसात हा उंच माणूस उभा. नमस्कार वगैरे काही नाही. हातातला कागद त्यांनी माझ्यासमोर धरला. त्यावर एक नागमोडी रेघ होती आणि रेघेवर मण्यांसारखे ठिपके.

"बाई, असे ठिपके तुमी किती बारीक काढू शकता?"

"किती हवेत?"

"एका कागदावर चाळीस. अन् असे कागद पन्नास. परत्येक कागदावर ठिपका जरासाच सरकला पायजे. केसभर इकडंतिकडं झालं का सगळं गेलं."

"कशासाठी?"

"पोरं खोटं बोलून राह्यले, म्हनून."

मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. ते वर्गात विहिरीचा एक लांब दोर आणायचे, त्याच्या मध्यावर लाल दोरा बांधायचे, एक टोक खिडकीच्या गजाला अडकवून दुसरं टोक झटकायचे. दोरातून लाट पळत जायची. मग विचारायचे, लाल दोरा कुठं गेला? पोरं म्हणायची, पुढे गेला. तो पुढे गेलेला नसायचा. तो फक्त वर झाला आणि खाली आला. लाट पुढे जाते, दोर आहे तिथेच हलतो, हे पुस्तकात लिहिलेलं पोरांना पाठ असायचं, पण डोळ्यांना दिसायचं नाही, कारण लाट क्षणात संपायची. मागच्या बाकावरच्याला तर दोरही दिसायचा नाही. तरी "समजलं काय?" म्हटलं की सगळा वर्ग हो म्हणायचा.

"हे मले सावकाश दाखवायचं हाय," ते म्हणाले. "सिनेमासारखं, पन गोगलगायीच्या चालीनं. मंग पाहू कोन खोटं बोलते."

कॉलेजात स्नेहसंमेलनासाठी घेतलेला सोळा मिलिमीटरचा सिनेकॅमेरा होता. त्याला एक कळ अशी होती की ती दाबली की फिल्मवर एकच चौकट उमटायची. इंगोल्यांनी बडनेऱ्याच्या एका रेल्वे फिटरकडून लोखंडी घोडी करून घेतली. तिच्यावर कॅमेरा खाली तोंड करून बसायचा, खाली टेबल, टेबलावर दोन पितळी खुंट्या. प्रत्येक चित्राला दोन भोकं पाडलेली. ती खुंट्यांत अडकवली की चित्र दरवेळी नेमकं त्याच जागी बसायचं. पारदर्शक कागद मिळत नव्हते, म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून जुन्या एक्स-रे फिल्मा आणून त्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या. मी काढलेल्या कित्येक चित्रांच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बरगडीची सावली राहून गेली होती.

एका सेकंदाला चोवीस चौकटी. चार मिनिटांची फिल्म करायची तर पाच हजार सातशे साठ. प्रत्येक चित्रावर कळ दोनदा दाबायची म्हटली तरी जवळजवळ तीन हजारदा चित्र बदलायचं. यात कुणी चुकणार नाही असं होणारच नव्हतं. म्हणून त्यांनी एक वही केली. त्या वहीत ओळीनं लिहिलेलं असायचं, कितवं चित्र ठेवायचं, कळ कितीदा दाबायची, दिवा किती प्रखर. शंभर ओळींचं एक पान, एका बैठकीला तीन पानं. या वहीला ते पोथी म्हणायचे. प्रयोगशाळेतला शिपाई बाबाराव पोथी वाचायचा, मी चित्र ठेवायची, इंगोले कळ दाबायचे.

"चित्र सात, दोन," बाबाराव म्हणायचा.

"सात, दोन," मी.

खट्‌ खट्‌.

"झालं," इंगोले.

एकदा मध्येच मी म्हटलं, "सर, इथे सातानंतर आठ यायला हवं होतं ना? पोथीत पुन्हा सात आहे."

"पोथी वाचनाऱ्यानं आपलं डोकं बाजूले ठेवावं," ते म्हणाले. "डोकं म्या आंधीच पोथीत टाकलं हाय. उद्या मी मरून पडलो तरी कोनीबी ही पोथी वाचून फिल्म पुरी केली पायजे. म्हनूनच लिहून राह्यलो." मग त्या ओळीकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. तिथे खरंच आठ हवं होतं. त्यांनी दुरुस्ती केली, तारीख घातली, आणि बाजूला लिहिलं, 'चूक माझी, बाईंनी दाखवली.' अशा नोंदी त्या वहीत बऱ्याच होत्या. चूक ज्याची त्याच्या नावानं.

पहिलं रीळ मुंबईहून धुऊन आलं तेव्हा आम्ही खिडक्यांना काळं कापड लावून ते भिंतीवर पाहिलं. लाट चालत होती. मी काढलेले ठिपके जिवंत झालेले पाहून मला रडू येईल की काय असं झालं. पण दर चार सेकंदांनी लाट अडखळायची. माणसाला ठेच लागावी तशी क्षणभर थांबायची आणि पुन्हा निघायची.

गोगटे सर मागे उभे होते. म्हणाले, "बाईंचा हात हलला असेल. शाळेत फुलं-पानं काढणं वेगळं आणि हे वेगळं."

मी मान खाली घातली. मला वाटलं, असेलही.

"चूक सापडल्याबिगर कोनाचं नाव घ्यायचं नाई," इंगोले म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण बाबाराव दाराकडे सरकला.

"मग कुणाचं घ्यायचं?"

"कोन्त्या चौकटीत अडखळते ते आंधी सांगा, सर. मंग नाव घेऊ."

ते तीन दिवस रीळ घेऊन खिडकीपाशी बसले होते. एका हातात भिंग, दुसऱ्या हातानं फिल्म उजेडाकडे धरून एकेक चौकट मोजायची आणि कागदावर रेघ मारायची. तास संपला की खिडकी, जेवण झालं की खिडकी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. गोगटे सरांनाही बोलावलं. दोन्ही वर्षांच्या तुकड्यांतल्या वीसेक पोरांना वर्गात बसवलं. मग फळ्यावर एक वर्तुळ काढलं.

"एका फेरीसाठी म्या एकोनपन्नास चित्रं लिहून देल्ली होती," ते म्हणाले. "शून्य अंशापासून तीनशे साठपर्यंत. पन शून्य अन् तीनशे साठ ही एकच जागा. पयलं चित्र अन् शेवटचं चित्र सारखंच. दर फेरीले तेच चित्र दोनदा आलं. जिथं दोन चौकटी सारख्या पायजे, तिथं चार भेटल्या. बाईंचे ठिपके बरोबर हायेत. गाढवपना माझा हाय." आणि गोगट्यांकडे वळून, "सर, आता नाव घ्या."

गोगटे हसून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाले. ते हसू मला तेव्हा दिलदार वाटलं होतं.

मग उजेडाची भानगड झाली. दुसऱ्या रिळात लाट बरोबर चालली, पण पडदा धडधडायचा. काही चौकटी उजळ, काही काळपट. दिवे तेच, कॅमेरा तोच. इंगोल्यांनी दिव्यांच्या तारेला व्होल्टमीटर जोडला आणि आठ दिवस बाबारावला दर पंधरा मिनिटांनी काटा लिहायला लावलं. कपाशीचा हंगाम होता. गावातल्या जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं सुरू झाली की काटा खाली यायचा, बंद झाली की वर. रविवारी तो जागचा हलायचा नाही. तेव्हापासून आमचं काम फक्त रविवारी, दिवसा, आणि बाबाराव "काटा जाग्यावर" म्हटल्याशिवाय कळ दाबायची नाही. मावशी म्हणायची, रविवारी कुणी नोकरी करतं का गं. पण त्या रविवारांइतकं काही मी पुढे आयुष्यात केलं नाही.

फिल्मचा दुसरा भाग त्यांच्या जिवाचा होता. जाड दोराला गाठ मारून बारीक दोरी जोडलेली. लाट जाड दोरातून येते, गाठ ओलांडते आणि बारीक दोरीत पळत जाते. तिथे तिचा वेग वाढतो आणि लांबीही वाढते. पण दोरी एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मात्र बदलत नाही. बदलेल कसं? गाठ दोघांचीही आहे. ती जितक्यांदा वर जाईल तितक्यांदाच दोन्हीकडची दोरी वर जाणार. ते मला हे समजावत होते तेव्हा माझ्या शालीचं टोक आणि बाबारावाच्या उपरण्याचं टोक एकत्र बांधून त्यांनी हलवून दाखवलं होतं.

यासाठी दोन थर होते. जाड दोराची अठ्ठेचाळीस चित्रं डाव्या बाजूला, बारीक दोरीची अठ्ठेचाळीस उजव्या बाजूला, एकावर एक ठेवून टिपायची. पोथी लिहून तयार होती. तेवढ्यात खेड्यावरून माणूस आला, आई सिरीयस आहे. इंगोल्यांनी पोथी माझ्या हातात दिली.

"दोन रविवारांचं काम हाय. काटा पाहजा. बाकी सगळं लिहेल हाय."

ते गेले, आणि चार दिवसांत आई गेल्याची बातमी आली.

त्याच आठवड्यात गोगट्यांना कळलं की बाहेरून एक समिती कॉलेज पाहायला येणार आहे. विभागाला मान्यता आणि पुढे काय काय मिळायचं होतं. त्यांना फिल्म हवी होती, आणि ती दिसायला झणझणीत हवी होती. रविवारी ते स्वतः प्रयोगशाळेत आले. पोथी उघडली. पेन्सिलीनं उजव्या बाजूच्या चित्रांचे आकडे खोडून नवे घातले. एक, तीन, पाच, सात. एकाआड एक चित्र गाळायचं, म्हणजे बारीक दोरी दुप्पट वेगानं हलणार.

बाबाराव म्हणाला, "सायेब, इंगोले सरायची पोथी अशी नव्हती."

"विभागप्रमुख इंगोले आहेत की मी?" गोगटे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "बाई, बारीक दोरीत लाट वेगानं जाते. मग ती वेगानं हलायला नको का? तुमची लाट तर पेंगतेय. पाहणाऱ्यांना फरक दिसायला हवा."

वेग लाटेचा, हलणं दोरीचं. उत्तर माझ्या तोंडात होतं. इंगोल्यांनी माझ्याच शालीनं ते मला दाखवलं होतं. ते न देता मी पहिलं चित्र उचललं. गोगटे माझ्या दादांच्या ओळखीचे होते, आणि ते प्राध्यापक, मी ड्रॉइंगची बाई.

आम्ही पहिली दहा चित्रं लावली आणि जे व्हायचं तेच झालं. डावीकडचा दोर गाठीपाशी वर होता आणि उजवीकडची दोरी खाली. मधे दोन बोटांचं अंतर.

"सर, गाठीपाशी दोरी तुटतेय," मी म्हटलं.

त्यांनी वाकून पाहिलं. त्या क्षणी त्यांना आपली चूक कळली असणार असं मी आजही मानते. ते सरळ झाले आणि म्हणाले, "तिथे एक काळी पट्टी रंगवा. उभी. म्हणजे दोन भाग वेगळे दिसतील. उलट छानच."

मी रंगवली. काळी शाई, फूटपट्टी आणि ब्रश. दोन इंच रुंद, कडा अगदी सरळ. ती पट्टी गाठीवर ठेवून आम्ही उरलेली सगळी चित्रं टिपली. बाबाराव आकडे वाचत होता, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

रीळ मुंबईहून तातडीनं धुऊन आलं, आणि समिती आली त्या दिवशी सकाळी इंगोले परतले. मुंडण केलेलं, डोक्यावर पांढरी टोपी, दाढीचे खुंट वाढलेले. कुणी त्यांना फिल्मबद्दल काही सांगितलं नाही. मीही नाही. सभागृहात ते मागच्या भिंतीशी उभे राहिले. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, प्राचार्य, गोगटे. मागे पोरं.

पहिला भाग संपला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा सुरू झाला. पडद्यावर डावीकडे लाट संथ येत होती, मधे काळी पट्टी, आणि पट्टीपलीकडे दोरी फडफडत होती. पोरांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली.

"दिवे लावा," मागून आवाज आला.

कुणी लावले नाहीत. मग इंगोले स्वतः गेले आणि बटण दाबलं. प्रोजेक्टर चालूच होता. पडद्यावरचं चित्र फिकं पडलं.

"हे खोटं हाय," ते म्हणाले. "हे म्या लिहेल नाई. त्या पट्टीखाली दोरी तुटेल हाय. तुटली म्हनूनच पट्टी लावली."

"इंगोले, खाली बसा," गोगटे म्हणाले.

"सर, एका मिनिटात गाठ कितीदा वर जाते ते सांगा. डावीकडून मोजा अन् उजवीकडून मोजा. एका गाठीची दोन उत्तरं येते काय?"

समितीचे अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. ते म्हणाले, "तांत्रिक बाब आहे, आपण नंतर बोलू."

"नंतर नाई, सायेब. हे पोरं आता पाहून राह्यले." त्यांचा आवाज फाटला होता. "पुस्तकातलं खोटं पोरगं इसरते. डोळ्यानं पाह्यलेलं इसरत नाई. याइले उद्या मी हजारदा सांगन का दोन्ही सारखेच हलते, तरी याइच्या डोळ्यापुढं हेच नाचन. दीड वर्ष म्या एकेक चौकट मोजली ते हे दाखवाले?"

प्राचार्य उठले. दोघांनी इंगोल्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. ते झटापट न करता गेले, पण दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली नाही.

मग चौकशी झाली. गोगट्यांनी सांगितलं की सूचना इंगोल्यांनीच लिहिल्या होत्या, चूक त्यांचीच आहे, आणि आईच्या मृत्यूनं त्यांचं चित्त ठिकाणावर नाही, बिचारे. पोथी मागवली तेव्हा त्यातली गोगट्यांनी खोडाखोड केलेली पानं फाडलेली होती. पोथी कुणाच्या कपाटात होती हे कुणी विचारलं नाही. बाबारावनं स्वच्छ सांगितलं, पेन्सिल गोगटे सायबांची होती, मी डोळ्यानं पाहिलं. त्याला महिन्याच्या आत प्रयोगशाळेतून काढून मैदानावर पाणी मारायला लावलं. तो दहा वर्षं त्याच मैदानावर पाणी मारत होता.

माझ्याकडून लेखी मागितलं. काळी पट्टी कुणाच्या सांगण्यावरून रंगवली, एवढाच प्रश्न. मी रात्रभर विचार केला असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण विचार करायची वेळच आली नाही. दुसऱ्याच दिवशी दादा अकोल्याहून आले. मावशीच्या ओसरीवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "गोगट्यांचं पत्र होतं. तुला या भानगडीत पडायचं कारण नाही. एक ओळ लिहून दे. नक्की आठवत नाही म्हणून. हे खोटंही होत नाही. माणसाला सगळं कुठे आठवतं?"

"मला आठवतं, दादा."

"कोर्टात अशी माणसं रोज पाहतो मी. सगळं आठवणारी. पुढे त्यांना कुणी विचारत नाही."

मी लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं होतं. एका ओळीचा तो कागद फार नीटनेटका दिसत होता.

इंगोल्यांची नोकरी वर्षावर्षाच्या नेमणुकीची होती. पुढच्या वर्षी ती झाली नाही. त्यांनी सामान नेलं त्या दिवशी मी शाळेत मुलींना जास्वंद काढायला लावली होती. नंतर ऐकलं की लोखंडी घोडी त्यांनी मागे ठेवली. ती कॉलेजची नव्हती, त्यांनी स्वतःच्या हौसेनं करवून घेतली होती, पण ते मागायलाही आले नाहीत. आणि ती फिल्म, पट्टीसकट, दरवर्षी दाखवली जात राहिली. माझ्या मावसभावानंही पाहिली. मी त्याला विचारलं, बारीक दोरी कशी हलते? तो म्हणाला, "दुप्पट." ठाम. त्याला संशयही नव्हता.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. पाच-सहा वर्षांनी चित्रकलेच्या परीक्षेवर देखरेख करायला मला मोर्शीला पाठवलं. तिथल्या हायस्कुलात दोन खोल्या परीक्षेला दिल्या होत्या. मुलं निसर्गचित्र रंगवत होती आणि भिंतीपलीकडून एक आवाज येत होता. मी तो लगेच ओळखला.

मधल्या सुट्टीत मी बाहेर आले. ते वर्गाच्या दारात उभे होते. केस पुष्कळ पांढरे झालेले, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी मला पाहिलं. ओळख दिसली, पण ते पुढे आले नाहीत. मीच गेले.

"इंगोले सर, ओळखलं का?"

"हो. अकोल्याच्या बाई."

इतक्या वर्षांत मी जे शब्द जुळवले होते ते एकही आला नाही. मी म्हटलं, "ती काळी पट्टी मी रंगवली होती."

"माईत हाय," ते म्हणाले. "कडा पाहूनच समजलं. गोगट्याले इतकी सरळ रेघ जमत नव्हती."

"मग चौकशीत तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?"

त्यांच्या कपाळाची शीर वर आली, आणि मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

"वाटलं, तुमी सोता सांगान," ते म्हणाले. "प्राचार्यांच्या हापिसाभाईर तीन दिवस बसलो मी बाकावर. बाबाराव आला, सांगून गेला. म्हटलं, आता बाई येतीन."

मी काहीतरी म्हणाले. दादांचं नाव घेतलं असेल, वयाचं कारण दिलं असेल. ते ऐकत होते असं मला वाटत नाही. शाळेची घंटा झाली. पोरं धावत आत गेली.

"वर्ग हाय माझा," ते म्हणाले, आणि आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

मला माझ्या खोलीत परत जायचं होतं, पण मी तिथेच व्हरांड्यात उभी राहिले. आत त्यांनी फळ्यावर काहीतरी काढलं, खडूचा आवाज आला. मग त्यांनी प्रश्न विचारला. काय विचारलं ते बंद दारातून नीट ऐकू आलं नाही.

"कोन सांगते?" ते म्हणाले.

कुणी बोललं नाही.

"सांगा. कोन सांगते?"